कॉरफील्डच्या कुरणातली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे; पण देवळाची नाही आणि जिन्याचीही नाही. मी कुंपण ओलांडायची पायरी. काटेरी झुडपांच्या दाट कुंपणात रोवलेले दोन खांब, त्यांना ठोकलेले दोन आडवे दांडे आणि दांड्यांखालून आरपार गेलेली ओकच्या लाकडाची एक जाड फळी, एवढाच माझा संसार. फळीवर पाय द्यायचा, खांबाला धरायचं, दांड्यावरून एक पाय टाकायचा, मग दुसरा, आणि पलीकडच्या कुरणात उतरायचं. माणूस पलीकडे जातो, मेंढी अलीकडे येत नाही. माझं जवळजवळ सगळं आयुष्य ह्या एका कामात गेलं आणि मला ते काम आवडायचं.

विलायतेच्या राणीचा राज्याभिषेक झाला त्या वर्षीचा माझा जन्म. त्या सुमारास नवा कायदा आला होता. ज्या वाटेने माणसं पूर्वापार चालत आली आहेत ती वाट सगळ्यांची, मग जमीन कुणाचीही असो. अशा वाटा कोणत्या, ते गावोगावच्या लोकांनी स्वतः चालून ठरवायचं होतं. आमच्या थॉर्नकोटचे लोकही रविवारचं जेवण उरकून काठ्या घेऊन निघाले. गावातल्या गल्लीच्या टोकाला, कॉरफील्डच्या कुरणातून वरच्या वाडीला जाणाऱ्या वाटेवर ते आले आणि तिथेच अडले. कुंपणाच्या खिंडारात म्हाताऱ्या कॉरफील्डने एका मोडक्या लोखंडी पलंगाची उशाकडची बाजू अडकवून ठेवली होती.

"अहो, ही काय वाट झाली?" लोक म्हणाले.

"चांगला पलंग आहे," म्हातारा म्हणाला. "माझी आई गेली त्याच्यावर."

"मग तिलाही आता विश्रांती मिळू दे. काढा तो."

पलंग निघाला आणि तिथे माझी वर्णी लागली. मला घडवलं ईनॉक गॉफ सुताराने. तो गावच्या शवपेट्याही करायचा. माझ्या फळीला रंधा मारताना तो स्वतःशीच म्हणाला होता, "शवपेटीची तक्रार करायला गिऱ्हाईक परत येत नाही. हिला मात्र सगळं गाव नावं ठेवणार. नीटच बसवली पाहिजे." आणि त्याने मला खरंच नीट बसवलं. पुढे कितीतरी हिवाळे मी गोठले, फुगले, आक्रसले, पण जागची हलले नाही.

खांब धरायला त्या दिवशी म्हाताऱ्याचा मुलगा सेथ आला होता. विशीतला, काटक गडी. काम झाल्यावर त्याने माझ्या फळीला पायसुद्धा न लावता दांड्यावर एक हात टेकला आणि उडी मारून तो पलीकडे गेला. मला जरा अपमानच वाटला. पुढे कितीतरी वर्षं तो तसाच उड्या मारत जायचा.

बाकीचे मात्र रीतसर यायचे. पायरी होऊन बघा, म्हणजे कळेल, प्रत्येक माणसाची कुंपण ओलांडायची तऱ्हा वेगळी असते. शाळेची मुलं रांगेने यायची आणि उतरताना सगळी ठरवून एकाच चिखलाच्या डबक्यात उडी मारायची. पाद्री आपला काळा झगा दोन्ही हातांनी गोळा करायचे, मग खांबाला धरायला हात उरायचा नाही. जाड्या खाटकाने एकदा दांड्यावर मध्येच बैठक मारली आणि खालून दोघांनी ढकलेपर्यंत तो तसाच दोन्हीकडे पाय सोडून बसला. हात घासून घासून माझा उजवा खांब गुळगुळीत झाला. फळीला मधोमध खळगा पडला. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि सकाळी चिमण्या तिथे आंघोळीला यायच्या.

सगळ्यांत जास्त पावलं माझ्यावर पडली ती ऑलिव्ह बेडोजची. ऑलिव्ह आमची टपालवाली. ती जन्मली वरच्या वाडीत, लग्न होऊन आली गावात. सायकल कुंपणाला टेकवायची, टपालाची पिशवी आधी पलीकडे टाकायची आणि मग आपण यायची. रोज एकदा जाताना, एकदा येताना. कुरण ओलांडलं की आधी कॉरफील्डचं घर लागायचं आणि त्यापुढे वरची वाडी. त्या वाडीत ऑलिव्हची धाकटी बहीण मर्टल राहायची. मर्टलला लहानपणी पोलिओ झाला होता. पुढे ती चाकांच्या खुर्चीत बसून गावभराचं शिवणकाम करायची. कापड आणि तयार कपडे ऑलिव्हच्या पिशवीतून माझ्यावरून जात-येत. मर्टलने बाही कशी बसवली, मर्टलचं काय दुखतंय, सगळं माझ्या कानावर यायचं. मर्टल मात्र मला कधी दिसली नाही. त्यात काही वावगं आहे असंही मला वाटलं नाही. आजारी माणसाने घरीच असायचं, असं माझं साधं गणित होतं.

म्हातारा कॉरफील्ड गेला, सेथ मालक झाला, त्याची उडी बंद झाली आणि तोही माझ्या फळीवर पाय देऊ लागला. मग एका वसंतात ते प्रकरण घडलं.

कोकरांचा मोसम होता. शहरातून फिरायला आलेल्या कुणाचा तरी कुत्रा मोकळा सुटला आणि गाभण मेंढ्यांच्या मागे कुरणभर धावला. मेंढी अशी घाबरली की पोटातलं कोकरू टाकते. दुसऱ्या दिवशी सेथला कुरणातून काय काय उचलावं लागलं ते मी पाहिलं आहे. ते तुम्हाला सांगवत नाही. तो घरी गेला, काटेरी तारेचं भेंडोळं घेऊन आला आणि त्याने ती तार माझ्या दांड्यांना, खांबांना, फळीला, सगळीकडून गुंडाळली. वर एक पाटी टांगली : 'सांड मोकाट आहे.'

थोड्या वेळाने ऑलिव्ह आली. तिने सायकल टेकवली आणि बघतच राहिली.

"हे काय रे?"

"वाट बंद," सेथ म्हणाला.

"कुणी केली?"

"मी. जमीन माझी आहे."

"जमीन तुझी, वाट सगळ्यांची. तुझ्या बापालाही सांगून झालंय हे."

"मला नको कायदा शिकवूस, टपालवाले. त्या कुत्र्यांना शिकव."

ऑलिव्हने पाटी वाचली. "आणि तुझ्याकडे सांड कधी आला रे कॉरफील्ड?"

"आहे एक."

"हो, तो दिसतोय. माझ्यासमोरच उभा आहे."

एरवी सेथ हसला असता. तो हसला नाही. तेव्हा ऑलिव्हचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. तारेने ओरबाडून रक्त आलं होतं आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती.

"किती गेली?" तिने हळूच विचारलं.

"विचारू नकोस."

तिने सायकल वळवली आणि सडकेने लांबचा फेरा घालून टपाल वाटलं. सडक टेकडीला वळसा घालून जाते, चढाची आहे, आणि तिच्यावरून दगडांच्या लॉऱ्या धावतात. त्या आठवड्यात ती रोज तशीच गेली. अधूनमधून गल्लीच्या टोकाशी थांबून माझ्याकडे बघायची आणि निघून जायची. कौन्सिलचा माणूसही येऊन गेला. "तार काढा, नाही तर आम्हाला काढावी लागेल," तो म्हणाला. "काढा की," सेथ म्हणाला, "मी परत लावीन." काटे माझ्या अंगात रुतत होते, पण मित्रांनो, खरं सांगते, मला सेथचा राग आला नाही. कुरणातला तो देखावा मीही पाहिला होता.

रविवार उजाडला. शहरातली माणसं फिरायला येतात तो वार. ऑलिव्ह घडीचं स्टूल, छत्री आणि विणकाम घेऊन आली आणि माझ्यासमोर ठाण मांडून बसली. सेथ कुरणातून तरातरा आला.

"इथे काय चाललंय?"

"वाट राखतेय."

"वाट बंद आहे म्हणून सांगितलं ना!"

"ऐक सेथ. तुझं नुकसान झालंय, ते मला दिसतंय. कोकरांचा मोसम संपेपर्यंत दर रविवारी मी इथे बसते. दोरीशिवाय एक जरी कुत्रं पुढे गेलं, तर तू जन्मभर तार ठेव. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"आणि पाऊस आला म्हणजे?"

"मग छत्री काय शोभेला आणलीय?"

सेथ माझ्यापाशी आला. मग खिशातून पक्कड काढून त्याने तार कापली. पण फक्त एका बाजूची, जेमतेम एक माणूस जाईल एवढी. "बघू," म्हणाला, आणि परत गेला. ऑलिव्ह सुया चालवत होती.

त्या रविवारी एक गृहस्थ वासराएवढा कुत्रा घेऊन आले.

"दोरी लावा त्याला," ऑलिव्ह म्हणाली.

"अहो, आमचा बार्नी कुणाला काही करत नाही. अगदी गरीब आहे."

"असेल. पण मेंढीला कुठे ठाऊक तो गरीब आहे ते?"

गृहस्थांनी दोरी लावली. ज्यांच्याकडे दोरी नव्हती त्यांना ऑलिव्हने लोकरीची जाड वेणी कापून दिली. एका बाईंनी हुज्जत घातली, तेव्हा ऑलिव्हने त्यांना कुरणाच्या कोपऱ्यातली ताजी मातीची ढेकळं दाखवली आणि तिथे काय पुरलंय ते सांगितलं. बाई कुत्र्याला उचलून घेऊनच गेल्या. संध्याकाळी सेथ लांबून बघत होता. पुढच्या रविवारी पाऊस लागला. छत्रीला वाऱ्याने उलटं केलं, तरी ऑलिव्ह हलली नाही. मग कुरणातून सेथ येताना दिसला. हातात चहाचा थरमास आणि चीज-लोणच्याचं सँडविच.

"बायकोने दिलंय," तो म्हणाला.

"बायकोने बरं सँडविच इतकं वाकडं कापलं!" ऑलिव्ह म्हणाली, आणि तो हसला.

त्या दिवशी तिने त्याला आणखी एक गोष्ट सुचवली. "लोक कुरणात भरकटतात, कारण त्यांना वाट कुठे जाते ते दिसतच नाही. वाट नीट दाखव, म्हणजे ती सोडून जाणार नाहीत." सेथने पिवळा रंग आणला आणि प्रत्येक खांबावर बाण काढले. चित्रकला त्याच्या वाट्याला आली नव्हती. माझ्या खांबावरचा बाण तर थेट आभाळाकडे गेला. "हा कुणासाठी? स्वर्गात जाणाऱ्यांसाठी का?" असं ऑलिव्हने विचारलं. पण लोक बाण बघून चालू लागले, हे खरं. मोसमाच्या शेवटी सेथने उरलेली तार आणि सांडाची पाटीही काढून टाकली. काढताना मला जरा खरचटलं. त्या खुणांवर पुढे राखाडी शेवाळ आलं.

त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची. लांबलांबून माणसं यायची. चर्चच्या कॅलेंडरवर जून महिन्याच्या पानावर माझा फोटो छापून आला, मागे फुललेलं कुंपण आणि वर बसलेली एक चिमणी. फळी घसरडी होऊ लागली तेव्हा सेथने तिच्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकली. ऑलिव्हने नोकरी सोडली आणि टपाल मोटारीतून सडकेने जाऊ लागलं, तरी ती मर्टलकडे रोज माझ्यावरूनच जायची.

मग गुरामेंढ्यांवर लाळ-खुरकुताची साथ आली आणि देशभरातल्या कुरणांतल्या वाटा एकदम बंद झाल्या. माझ्या दांड्यांना लाल पट्टी बांधली. ह्या वेळी ती सेथने बांधली नव्हती, सरकारने बांधली होती. सगळ्यांनीच ती मानली. ऑलिव्ह गल्लीच्या टोकापर्यंत यायची, पलीकडून सेथ ओरडून सांगायचा, "मेंढ्या ठीक आहेत अजून!" आणि ती घरी जायची. सेथच्या मेंढ्या वाचल्या. पट्टी निघाली. पण तोवर माणसांची सवय मोडली होती. खाजरी झुडपं छातीएवढी वाढली, ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली माझ्या दांड्यांवर चढल्या, डावा खांब मातीशी कुजायला लागला. ऑलिव्ह कात्री घेऊन यायची आणि आपल्यापुरती वाट कापायची. एकटीची वाट किती रुंद होणार? कॅलेंडरवर मिरवलेल्या मला आता गोगलगायींशिवाय कुणी विचारत नव्हतं.

ऑलिव्ह म्हातारी झाली. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला सांगितलं की पाय वर उचलून काही ओलांडायचं नाही. तरी एक दिवस काठी टेकत ती माझ्यापाशी आलीच. तिने माझ्या खांबाला धरलं, पाय फळीवर ठेवायचा प्रयत्न केला, पुन्हा केला आणि थांबली. त्याच वेळी कुरणाच्या बाजूने घरघर आवाज आला. बॅटरीवर चालणाऱ्या बुटक्या गाडीत बसून सेथ येत होता. त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावा पाय ओढत चालायचा, मोटार चालवायचा परवाना काढून घेतला होता. गावातल्या 'नांगर' पबमध्ये जाऊन बसणं त्याला जिवापाड आवडायचं, पण नेणार कोण?

एका बाजूला ऑलिव्ह, एका बाजूला सेथ. मध्ये मी.

"येतेस का पलीकडे?" सेथने विचारलं.

"तूच ये की. तू तर उडी मारायचास."

"आता उडी मारली तर थेट ह्या बाणाच्या दिशेने जाईन."

दोघं हसली. मग ऑलिव्हने काठीवर हनुवटी टेकली. "मर्टलकडे रविवारी शेजारची पोरगी मोटारीने सोडते. एक रविवार. बाकीचे दिवस ती तिकडे, मी इकडे. फोनवर काय बोलायचं माणसाने? आम्ही गप्प बसायचो एकत्र. फोनवर गप्प बसता येत नाही."

पुढच्या मंगळवारी वाटा दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांची टोळी आली. ती सेथनेच बोलावली होती. हातमोजे, कोयते, करवती, आणि डब्यात केक. त्यांचा म्होरक्या क्लेम विग्ली, निवृत्त माणूस, जुन्या वस्तूंचा भारी शौकीन. त्याने वेली तोडल्या, माझ्या अंगावरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा उजळला.

"ओक! एकसंध फळी! अशी पायरी आता बघायला मिळत नाही, ऑलिव्हबाई. डावा खांब तेवढा बदलू, हिला तेलपाणी करू, अजून पन्नास वर्षं हलणार नाही."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

"क्लेम," ऑलिव्ह म्हणाली, "ही काढ आणि इथे दार बसव."

क्लेमला धक्काच बसला. "दार? अहो, हिच्याइतकी सुंदर..."

"इतकी आवडली असेल तर घरी ने आणि दिवाणखान्यात ठेव. मला हिच्यावर चढता येत नाही."

कुरणातून टॅम्सिन आली होती. ती सेथची नात, आता शेती तीच बघायची. तिने मान हलवली. "दार नको, ऑलिव्हआजी. मला कुणाशी वाकडं घ्यायचं नाही. पण लोक दार उघडं टाकून जातात. मेंढ्या गल्लीत गेल्या आणि पुढे सडकेवर गेल्या तर? त्या लॉऱ्या थांबणार आहेत का? पायरी कुणी उघडी टाकू शकत नाही. म्हणून ती बरी."

बोलणं खरं होतं. क्लेमही "बरोबर, बरोबर" करू लागला. तेव्हा ऑलिव्हने काठीने माझ्या फळीवर टकटक केलं.

"टॅम्सिन, बाळा, माझं सोड. मी कितीतरी वर्षं ओलांडली ही, माझं झालं. मर्टलचं सांगते. ती आठ वर्षांची असताना पोलिओ झाला. तेव्हापासून तिने थॉर्नकोट पाहिलंय ते कुणाच्या तरी मोटारीच्या काचेतून, कुणाला सवड असेल तेव्हा. हात धडधाकट, खुर्चीची चाकं धडधाकट, घरापासून इथवर वाट सपाट; मधल्या पाटावर चार फळ्या टाकल्या की झालं. अडलं कुठे? इथे. सगळे म्हणायचे, बिचारी घरातच असते. घरात असते कारण ही लाकडं मध्ये आहेत."

पहिल्यांदाच मला माझ्या तिथे असण्याचं ओझं वाटलं. मला वाटायचं, मी वाट मोकळी करून देते. मी होतेच तशी, पण चढता येणाऱ्यांसाठी. न येणाऱ्यांना मी त्या लोखंडी पलंगाहून काही वेगळी नव्हते.

"दार बसव, क्लेम," सेथ म्हणाला. त्याची जीभ जरा जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट आला. "जमीन अजून माझ्या नावावर आहे. टॅम्सिन, तुझी भीती खरी आहे. मग असं दार बसवा की ते कुणाला उघडं टाकताच येणार नाही. चंद्रावर माणूस गेला, तुम्हाला एक दार आपोआप लावता येईना?"

"येतं की," क्लेम म्हणाला, आणि एकदम हुशारीत आला. "बिजागरी तिरकी बसवायची. दार स्वतःच्या वजनाने मिटतं. खिट्टी लांब दांड्याची लावू, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्याही हाताला येईल."

"आधी मला दाखवा," टॅम्सिन म्हणाली.

दार आलं. मला काढायच्या आधी त्यांनी ते माझ्याजवळ कुरणात उभारलेल्या तात्पुरत्या कोंडवाड्याला टांगून पाहिलं. टॅम्सिनने ते सताड उघडलं आणि सोडून दिलं. दार सावकाश, जांभई देऊन तोंड मिटावं तसं मिटलं आणि खिट्टी 'टक्' करून पडली. तिने पुन्हा उघडलं, पायाने ढकललं, आदळलं, अर्धवट सोडलं. प्रत्येक वेळी टक्. शेवटी तिने मेंढ्या आत घातल्या आणि त्यांचा दाणा दाराबाहेर ओतला. मेंढ्या धावत आल्या, दाराला डोकी घासून बघितली, दार हललं नाही.

"बरं," टॅम्सिन म्हणाली. "हे चालेल."

मग पहार लागली. खांब सुटले, दांडे निघाले. तुम्हाला वाटेल मला फार दुःख झालं असेल. निघताना थोडं करकरले, नाही असं नाही. पण ऑलिव्ह तिथे उभी होती, आणि तिचा चेहरा बघून मला वाटलं, हिच्या पायांना इतकी वर्षं मी उचलून धरलं. आता बाजूला होणं हेच तिला उचलून धरणं.

खांब कुजलेले निघाले, ते सरपणात गेले. फळी मात्र आतून लोखंडासारखी. क्लेमला ती टाकवेना. कुरणात थोडं पुढे गेलं की पाण्याचा एक पाट आडवा जातो. सेथच्या गाडीची जाड चाकं तिथून कशीबशी निघायची, पण खुर्चीची बारीक चाकं रुतली असती, म्हणून टोळीने फळ्यांचा एक बुटका पूल घातला. चाक कडेवरून घसरू नये म्हणून पुलाला काठाच्या पट्ट्या लागतात. क्लेमने माझी फळी उभी चिरून दोन पट्ट्या केल्या आणि दोन्ही काठांना ठोकल्या. तेव्हापासून मी इथे आहे. पूर्वी माणसं मला तुडवून जायची. आता चाकं माझ्या बाजूबाजूने जातात आणि मी त्यांना आत ठेवते.

पहिल्या दिवशी सेथ माझ्या बाजूने पुढे दारापाशी गेला आणि मी वाट बघत होते ती ऑलिव्हची. पण वरच्या वाडीकडून एक चाकांची खुर्ची आली. टॅम्सिन मागे चालत होती. ढकलत नव्हती, नुसती सोबत. खुर्चीत एक बारीकशी म्हातारी, डोक्याला निळी टोपी, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवणारी. पुलावर येताच तिचं एक चाक जरा तिरकं झालं, माझ्या अंगाला घासलं आणि सरळ झालं. ती मर्टल होती. जिचं सगळं मला माहीत होतं आणि जी मला कधीच दिसली नव्हती, ती. इतक्या लोकांची पावलं मी ओळखते. पण ह्या चाकाच्या त्या एका घासण्याइतकं काही मला लख्ख आठवत नाही.

दारापाशी ऑलिव्ह आणि सेथ थांबले होते. मर्टलने खिट्टी वर केली, दार उघडलं, ती गल्लीत गेली आणि थांबून तिने वळून मागे पाहिलं. कुरण, पाट, वाडीतल्या घरांची धुराडी, सगळं एका नजरेत मावत होतं.

"अगं ऑलिव्ह," ती म्हणाली, "एवढंच अंतर होतं?"

ऑलिव्ह बहिणीच्या टोपीवर हात ठेवून उभी राहिली. शेवटी सेथच म्हणाला, "चला आता, 'नांगर' उघडला असेल. मर्टल, तुझा पहिला ग्लास माझ्याकडून."

"दुसराही," मर्टल म्हणाली.

ती तिघं गल्लीने गेली, दोन गाड्या आणि एक काठी. मागे दार सावकाश मिटलं.

आता रोज कुणी ना कुणी नवं येतं. बाळाची गाडी ढकलत एक बाप येतो. कुबड्या घेतलेला एक तरुण येतो. गुडघे दुखतात म्हणून घरी बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्या आता दुपारी फिरायला येतात आणि पुलावर उभ्या राहून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. मर्टल आठवड्यातून बऱ्याचदा जाते-येते आणि पाटात पाणी किती आहे ते वाकून बघते. मंगळवारची टोळी येऊन झुडपं छाटते. मी ओली आहे, शेवाळलेली आहे आणि मजेत आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावाबाहेर एखादी वाट असेल, तळ्याकडे जाणारी किंवा टेकडीवर चढणारी. तिच्यावर चाललात की जाताजाता एखादी काटेरी फांदी बाजूला करा, पडलेला दगड उचला. कुत्रा बरोबर असेल तर त्याला दोरी लावा. तो गरीब असला तरी. पिकातून जाऊ नका, वाटेवरून जा. आणि कोण कोण चाललंय ते बघून झालं की कोण दिसत नाही तेही बघा, आणि त्याच्या घरी जाऊन विचारा, तुझं कुठे अडतं? बहुतेक वेळा ते टेकडीपाशी अडत नसतं. लाकडाच्या एका फळीपाशी अडतं.

आणि हो, आमच्याकडे कधी आलात तर दार मिटेपर्यंत क्षणभर थांबा. ते आपोआप मिटतं, मला ठाऊक आहे. पण टॅम्सिनच्या मेंढ्या फार आगाऊ आहेत.